"सोडून या" म्हणण्याआधी
(रेडिओवर झालेलं बोलणं)



फौजेतल्या माणसाला नोकरी मधेच सोडता येते का, हा प्रश्न आपल्या गव्हाणच्या गटांत बरेचदा निघतो. कुणाचा नवरा सैन्यात आहे, कुणाचा दीर, कुणाचा भाऊ. आता काही जणींचा लेकही अग्निवीर झालाय. इकडे सासू अंथरुणाला खिळते, मुलाची दहावी येते, साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून भावाभावांची तोंडं फिरतात. मग रात्री फोन लागतो तेव्हा बाई म्हणते, "पुरे झालं आता. सोडून या." म्हणायला एवढंच. तिकडे त्या माणसाची झोप उडते, कारण त्याला ठाऊक असतं की हे त्याच्या एकट्याच्या हातात नाही.

आज ते नीट समजून घेऊ. सोडता येतं का, कधी येतं, का अडवतात, आणि सोडलं तर घरात येणारं काय काय बंद होतं.

सरळ उत्तर आधी देते. अर्ज करता येतो. सुटका मिळेलच असं नाही.

बंदरातल्या किंवा गोदामातल्या कंपनीत काम करणारा माणूस महिन्याची नोटीस देतो आणि मोकळा होतो. मालकाला राग आला तरी तो त्याला धरून ठेवू शकत नाही. जवानाचं तसं नसतं. भरती होताना त्यानं ठरावीक वर्षांची मुदत कबूल केलेली असते, त्यावर शपथ घेतलेली असते. त्या मुदतीआधी निघायचं तर तो फक्त विनंती करू शकतो. ती मंजूर करायची की नाही हे वरचे साहेब ठरवतात. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हवाई दलातल्या एका कर्मचाऱ्याचं प्रकरण गेलं होतं. त्याला बाहेर दुसरी नोकरी मिळाली होती आणि त्याला निघायचं होतं. न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की मुदत चालू असताना मन मानेल तेव्हा निघून जाण्याचा बिनशर्त हक्क दलातल्या माणसाला नाही. दलाला माणसांची गरज किती आहे हे पाहावं लागतं.

लष्कराचे नियम १९५४ सालचे आहेत. त्यातल्या १३ व्या नियमात कुणाला कसं सोडायचं हे लिहिलंय. स्वतःच्या विनंतीवरून मुदतीआधी निघणाऱ्या जवानाबद्दल तिथं दोन गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत. पहिली, ही विनंती मान्य करणं योग्य आहे का. दुसरी, हा माणूस गेल्यानं पलटणीचं संख्याबळ नको इतकं कमी तर होणार नाही ना. पहिलीत आपलं घर येतं: सासूचं आजारपण, मुलं, जमीन. दुसरीत आपलं घर कुठंच नाही. तिथं फक्त डोकी मोजतात.

हे डोकी मोजणं म्हणजे काय, ते आपल्याला वेगळं शिकवायला नको. आता शेतं गेली, मिठागरं गेली, पण आपल्यातल्या चाळिशीपुढच्या बायकांना भाताची लावणी आठवत असेल. दहा बायकांचं काम सात जणींवर आलं तर शेत काही लहान होत नाही. त्या सातच जणी अंधार पडेपर्यंत चिखलात वाकून राहतात. आणि त्यातली आठवी जर दुपारी म्हणाली, मी निघते, तर उरलेल्या तिच्याकडे कशा बघतील? पलटणीचंही तेच आहे. चौकी दहा जणांची असली तर ती दहा जणांचीच राहते. माणसं सात असली की पहारा लांबतो, रजा पुढं ढकलली जाते. आपला माणूस लवकर घरी आला, की दुसऱ्या कुठल्या तरी गावातल्या बाईच्या नवऱ्याची दिवाळीची सुट्टी जाते. हे मी कुणाला लाजवायला सांगत नाही. अर्ज नामंजूर झाला की आपण साहेबाला दगडाच्या काळजाचा म्हणतो. त्याच्या टेबलावर काय हिशोब असतो तेवढं कळावं म्हणून सांगते.

आता हा तुटवडा आला कुठून? करोनाच्या काळात लष्कराची भरती थांबली. २०२०-२१ आणि २०२१-२२ अशी दोन्ही वर्षं एकही जवान भरती झाला नाही. त्याच्या आदल्या वर्षी, २०१९-२० मध्ये, ८० हजारांहून जास्त जण घेतले होते. आपल्याकडची कितीतरी पोरं त्या दोन वर्षांत पहाटे उठून धावत राहिली आणि वय निघून गेल्यावर गुपचूप गोदामात कामाला लागली. पण भरती थांबली म्हणून निवृत्ती थांबत नाही. दरवर्षी साधारण ६० हजार माणसं पेन्शनीवर जातात, ती जातच राहिली. हंडा भरायचा नळ बंद आणि खालून गळती चालू, असं दोन वर्षं झालं. मार्च २०२३ मध्ये सरकारनं राज्यसभेत आकडा सांगितला: तिन्ही दलांत मिळून साधारण १ लाख ५५ हजार जागा रिकाम्या, त्यातल्या १ लाख ३६ हजार एकट्या लष्करात. अधिकाऱ्यांच्याही ८ हजारांवर जागा रिकाम्या होत्या.

माझं मत विचाराल तर इथं एक गोष्ट खटकते. भरती बंद ठेवायचं जवानानं ठरवलं नव्हतं. पण त्या निर्णयाचं ओझं आत असलेल्याच माणसावर पडलं, आणि त्यानं घरच्या अडचणीसाठी विनंती केली तर "संख्या कमी आहे" हे उत्तर त्यालाच ऐकावं लागतं. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. सरहद्दीवरून प्रत्येकानं वाटेल तेव्हा उठून यायचं ठरवलं तर सरहद्द राहणार नाही. पण तुटवडा कुणामुळं झाला आणि सोसतं कोण, हे आपण बोलायला हवं.

आणि हे अडवणं सगळ्यात कडक कधी होतं? पलटण पुढं निघायची असते तेव्हा. पलटणी काही वर्षं शांत ठिकाणी असतात, त्याला ते पीस म्हणतात. मग काही वर्षं सरहद्दीकडे, फील्डला. आपल्याला वाटतं, फील्डला जायच्या आधीच निघून आलेलं बरं. बाईच्या मनात हे येणारच, त्यात चूक काही नाही. पण साहेबाच्या बाजूनं बघा. नेमक्या त्याच वेळी त्याला पूर्ण पलटण हवी असते. शिकलेला सिग्नलवाला, अनुभवी ड्रायव्हर, नव्या पोरांना सांभाळणारा हवालदार, यांच्या जागी आठ दिवसांत दुसरा मिळत नाही. म्हणून ज्या वेळी आपल्याला अर्ज सगळ्यात गरजेचा वाटतो, त्याच वेळी तो मंजूर होणं सगळ्यात अवघड.

हे आपल्याच देशात आहे असं नाही. अमेरिकेत तर या अडवणुकीला नावच आहे, 'स्टॉप-लॉस'. म्हणजे गळती बंद. १९९० च्या आखाती युद्धाच्या वेळी त्यांनी ती वापरली आणि २००१ नंतर अफगाणिस्तान-इराकच्या लढायांत पुन्हा. पलटण परदेशी निघायच्या ९० दिवस आधीपासून ती परत येऊन ९० दिवस होईपर्यंत कुणालाही सोडायचं नाही, कराराची मुदत संपली असली तरी. सामान बांधून घरी निघालेल्या माणसाला पुन्हा वर्षभर लढाईवर जावं लागे. त्यावर तिथं खूप ओरड झाली. शेवटी २००९ मध्ये तिथल्या सरकारनं ठरवलं की ज्यांना असं अडवून ठेवलं त्यांना अडवलेल्या दर महिन्याचे ५०० डॉलर द्यायचे.

युक्रेनचं तर आजचंच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं हल्ला केला आणि तिथल्या जवानांच्या सुटकेवर बंधनं आली. वर्ष गेलं, दुसरं गेलं, माणसं खंदकातच. २०२३ च्या शेवटी शेवटी त्यांच्या बायका, आया, बहिणी राजधानी कीवच्या चौकात फलक घेऊन उभ्या राहिल्या. लढाई थांबवा असं त्या म्हणत नव्हत्या. आमच्या माणसांना किती दिवस, ते सांगा, आता दुसऱ्यांची पाळी लावा, एवढंच म्हणत होत्या. एप्रिल २०२४ मध्ये तिथं नवा कायदा आला. त्याच्या मसुद्यात ३६ महिने झाले की सोडायचं असं कलम होतं. सैन्याच्या वरिष्ठांनी सांगितलं, बदली माणसं नाहीत. कलम निघालं. डोकी मोजण्याचं गणित तिथंही तेच.

आणि आपल्या कोकणाला हे नवं नाही. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या शेवटी, पूना डिव्हिजन मुंबईहून बोटीनं मेसोपोटेमियात गेली, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिच्यात मराठा पलटणी होत्या, आणि त्या पलटणींत कोकणातली, साताऱ्याकडची माणसं होती. कुत नावाच्या गावात त्यांना वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला सगळी फौज कैद झाली. त्याच लढाईच्या काळात फ्रान्समध्ये असलेल्या हिंदी जवानांची पत्रं सरकारी तपासनीस उघडून वाचत. त्यात एक तक्रार पुन्हा पुन्हा यायची: जखमी झालेल्याला बरा करून परत आघाडीवरच पाठवतात, घरी सोडत नाहीत. कारण मागून यायला पुरेशी माणसंच नव्हती. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव, ज्याला लोक मिलिटरी अपशिंगे म्हणतात, तिथले ४६ जण त्या युद्धात गेले. दुसऱ्या महायुद्धात आपल्या रायगडच्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे इटलीत १० जुलै १९४४ ला पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. जाता-येता पाहिला असेल.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सुट्टीवर आलेल्या जवानांना परत बोलावलं, हे तर आपण टीव्हीवर पाहिलं. हळदीच्या अंगानं गेलेले नवरदेवही त्यात होते. त्याच दिवसांत टेरिटोरियल आर्मीच्या, म्हणजे एरवी आपापला कामधंदा करून गरजेला हजर होणाऱ्या माणसांच्या, ३२ पैकी १४ पलटणींना बोलावण्याची मुभा लष्करप्रमुखांना सरकारनं दिली होती.

बरं, समजा अर्ज मंजूर झाला. आता घरच्या हिशोबाकडे येऊ, कारण माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं, न विचारता.

जवानाला पेन्शन बसायला १५ वर्षं नोकरी पुरी व्हावी लागते. अधिकाऱ्याला २० वर्षं. समजा एखादा जवान १३ वर्षं करून स्वतःच्या विनंतीनं आला. त्याला फंडाचे, ग्रॅच्युइटीचे काही पैसे एकदम हातात येतात. गठ्ठा मोठा दिसतो. घराला स्लॅब पडतो, एखादी गाडी येते. पण दरमहा पेन्शन नाही. आणि पेन्शन नाही म्हणून त्याच्यामागं बायकोला मिळणारी कुटुंब पेन्शनही नाही. माजी सैनिकांसाठी दवाखान्याची जी योजना आहे, ईसीएचएस, तीही मुख्यतः पेन्शनवाल्यांसाठी. एवढंच नाही. पेन्शन बसण्याआधी स्वतःच्या विनंतीनं निघालेला माणूस सरकारी व्याख्येत 'माजी सैनिक' धरलाच जात नाही. म्हणजे सरकारी नोकऱ्यांत माजी सैनिकांना जी राखीव जागा असते, वयाची सूट असते, ती गेली. लोक त्याला 'फौजी' म्हणतील, कागद म्हणणार नाही. १३ वर्षं हिमालयात काढून हे ऐकावं लागणं जड आहे, पण नियम तसा आहे. तब्येतीमुळं लष्करानंच घरी पाठवलं तर गोष्ट वेगळी. मी बोलतेय ते स्वतः अर्ज करून येण्याबद्दल.

पंधरा वर्षं झाली आणि मग मुदतीआधी आला, तर? तर पेन्शन बसते, माजी सैनिकही होतो. पण एक गोष्ट इथंही आहे. 'वन रँक वन पेन्शन' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. एकाच पदावरून, सारखी वर्षं करून निघालेल्यांना सारखी पेन्शन, आणि दर पाच वर्षांनी तिची फेरमांडणी, असा त्याचा अर्थ. ७ नोव्हेंबर २०१५ च्या सरकारी आदेशात लिहिलं की यापुढं जे स्वतःच्या विनंतीनं मुदतीआधी निघतील त्यांना याचा लाभ नाही. मूळ पेन्शन चालूच राहते, पण बरोबरीच्या माणसाची पेन्शन दर पाच वर्षांनी फेरमांडणीत वर सरकते, तशी याची सरकत नाही. या अटीविरुद्ध जवान लष्करी न्यायाधिकरणात गेले आहेत. म्हणून सही करण्याआधी आज नेमका नियम काय चालू आहे ते पलटणीच्या कार्यालयात विचारायचंच.

इथं एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. मुदत पुरी करून येणं आणि मुदतीआधी विनंती करून येणं, हे दोन वेगळे दरवाजे आहेत. शिपायाची मुदत वेगळी, नाईकाची वेगळी, हवालदाराची त्याहून जास्त. पद वाढतं तशी मुदत वाढते. कधी कधी मुदत संपायला वर्ष-दीड वर्षच उरलेलं असतं आणि माणूस घाईनं विनंतीच्या दरवाजानं बाहेर पडतो. म्हणून नवऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: "तुमची मुदत कोणत्या तारखेला संपते?" आपल्यातल्या फार थोड्या जणींना ही तारीख ठाऊक असते. मुलांच्या वाढदिवसाशेजारी ती कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता अग्निवीर. पहाटे उलव्याच्या रुंद रस्त्यांवर धावणारी पोरं पाहिली की मला त्यांच्या आया आठवतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. आणि पोरंच का, नौदलाच्या पहिल्या अग्निवीर तुकडीत २७३ मुलीही होत्या.

ही योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी. चार वर्षांनंतर शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीस जणांना कायम करतात, बाकीचे घरी येतात. पगार पहिल्या वर्षी महिना ३० हजार, मग ३३ हजार, साडेछत्तीस हजार आणि चौथ्या वर्षी ४० हजार. पण हातात सगळा येत नाही. शंभरातले ३० रुपये सेवानिधीत कापले जातात, आणि तेवढेच सरकार घालतं. म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१ हजार, निधीत त्याचे ९ हजार आणि सरकारचे ९ हजार. चार वर्षांनी व्याजासकट साधारण ११ लाख ७१ हजार मिळतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही.

आणि मधेच सोडायचं म्हटलं तर? इथं नियम आणखी घट्ट आहे. चार वर्षं पुरी होण्याआधी स्वतःच्या विनंतीनं सोडायची परवानगीच नाही. अगदीच अपवाद असला, तर वरच्या अधिकाऱ्यांच्या मंजुरीनं. आणि तसा सुटला तर निधीत त्याचे स्वतःचे जेवढे जमा, तेवढेच व्याजासह मिळतात. सरकारचा हिस्सा मिळत नाही. हिशोब करू. दोन वर्षांत मुलाचे स्वतःचे २ लाख २६ हजार ८०० रुपये जमा होतात. सरकारचे तेवढेच. दोन वर्षांनी तो सुटला तर सरकारचे २ लाख २६ हजार ८०० गेले. हा आपल्या कित्येक गटांचा वर्षभराचा बचतीचा आकडा नाही का?

मुलगा १८ च्या आतला असेल तर भरतीच्या कागदावर आईबापाची किंवा पालकाची सही लागते. साडेसतराव्या वर्षी भरती होता येतं, तेव्हा ही सही पुष्कळांना करावी लागते. सही करताना बहुतेक घरांत पेढे वाटायची घाई असते. तेव्हाच मुलाला समोर बसवून विचारा: ट्रेनिंगमध्ये नको वाटलं तर मधेच येता येणार नाही, हे माहीत आहे ना? वर्षाला सुट्टी ३० दिवस मिळेल, हे माहीत आहे ना? चार वर्षांनी घरी पाठवलं तर पुढं काय करणार, हे आत्ताच बोलून ठेवू या का? पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात, तेव्हा हा प्रश्न काही घरांत आता येऊन ठेपलाय.

मग ज्या बाईला खरोखर अडचण आहे तिनं करायचं काय? सोडून येणं हा शेवटचा मार्ग आहे, त्याआधीचे काही आहेत आणि ते कमी वापरले जातात.

पहिला रजेचा. नियमित जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते. ती कधी मिळेल हे डोकी मोजूनच ठरतं, पण ऑपरेशनची तारीख ठरलेली असेल, मुलाची परीक्षा असेल, तर ती आधी दोन-तीन महिने पलटणीला कळवली तर सोय लावता येते. रात्री दहाला फोन करून उद्या निघा म्हटलं तर लागत नाही. डॉक्टरांचा कागद असला की विनंतीला वजन येतं.

दुसरा बदलीचा. घरी खरोखर कुणी बघणारं नाही, गंभीर आजारपण आहे, अशा वेळी सहानुभूतीच्या कारणावरून काही काळ घराजवळ नेमणूक मागता येते. मिळेलच असं नाही, पण ती मागितली म्हणून पेन्शनचं काही नुकसान होत नाही, हे महत्त्वाचं.

तिसरा अलिबागचा. तिथं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. ते फक्त निवृत्त झालेल्यांसाठी असतं असा आपल्याकडं समज आहे. तसं नाही. नोकरीत असलेल्या जवानाच्या घरची अडचण ऐकणं, तिची खात्री करून पलटणीला कळवणं, हेही त्यांचं काम आहे. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष कलेक्टर असतात. त्यामुळं जमिनीचा, सातबाऱ्याचा, त्रास देणाऱ्या शेजाऱ्याचा प्रश्न असेल तर जवानाचा कमांडिंग ऑफिसर थेट कलेक्टरांना पत्र लिहू शकतो, आणि तसं पत्र आलं की कचेरीत फाईल हलते.

आपल्या भागात जमिनीचं म्हणून मुद्दाम सांगते. १९८४ च्या जासईच्या आंदोलनात पाच जणांचे जीव गेले, त्यानंतर पुढं साडेबारा टक्क्यांचा हक्क मिळाला. त्या प्लॉटवर वारसांची नावं लावताना घराघरांत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. भाऊ सरहद्दीवर आहे म्हणून त्याच्या मागं कोर्टात एकतर्फी निकाल लावून घ्यायचा, असं कुणी करू पाहिलं तर त्यासाठी १९२५ सालचा कायदा आहे, सैनिकांच्या खटल्यांविषयीचा. जवान युद्धाच्या किंवा तशा खास परिस्थितीत नेमणुकीवर असेल आणि कोर्टात त्याच्या वतीनं कुणी उभं नसेल, तर तसा दाखला आल्यावर कोर्टाला खटला पुढं ढकलावा लागतो. त्यामुळं निव्वळ प्लॉटसाठी नोकरी सोडून धावत यायची गरज नसते. नोटीस आली की तिचा फोटो काढून त्याला पाठवा, तो आपल्या साहेबांना दाखवेल. आणि नोटीस घेतलीच नाही, दार लावून घेतलं, असं करू नका. त्यानं काम बिघडतं.

हे सगळं करूनही काही घरांत सोडून येणंच बरोबर असतं. लहान मुलं आहेत, बाईच आजारी आहे, दुसरं कुणी नाही. अशा घरात पेन्शन घेऊन काय करायचं, असं मी पण म्हणेन. तेव्हा अर्ज जवानानंच करायचा असतो, बायकोनं नाही. पण बायको स्वतःच्या हातानं कमांडिंग ऑफिसरला पत्र लिहू शकते. मराठीत लिहिलं तरी चालतं. त्यात रडगाणं नको, नेमकं लिहा: घरात कोण कोण आहे, वय किती, आजार काय, कोणत्या दवाखान्यात उपचार चालू आहेत, दुसरं बघणारं का नाही. डॉक्टरांचा कागद, रेशन कार्डाची झेरॉक्स, ग्रामपंचायतीचा दाखला जोडा. नवऱ्याचा आर्मी नंबर, पद आणि पलटणीचं नाव वर लिहा. नंबर पाठ नसेल तर आज रात्रीच्या फोनवर विचारून वहीत उतरवून घ्या. अलिबागला जाल तेव्हाही पहिल्यांदा तोच नंबर विचारतील. पत्रावर तारीख घाला, स्पीड पोस्टानं पाठवा, आणि पावती पत्राच्या एका प्रतीला टाचून घरात ठेवा.